तळ्यातल्या जिताड्या-मरळासाठी लुअर कसा निवडायचा: कोकणात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

मोबाईलवर लुअरने, म्हणजे नकली आमिषाने, मासे धरण्याचे व्हिडिओ शोधले की बहुतेक सगळे अमेरिकेतल्या शेततळ्यांचे निघतात. मासा लार्जमाउथ बास, आमिष रबरी गांडूळ, तळ्यात थंड पाणी आणि काठावर हिरवळ. आपल्याकडचा नवखा ते बघतो, त्यातलेच लुअर मागवतो आणि खारेपाटातल्या किंवा आंब्याच्या बागेतल्या तळ्यावर जाऊन उभा राहतो. दिवसभर काही लागत नाही. मग 'आपल्याकडे लुअरवर मासा लागतच नाही, जिवंत कोळंबीच हवी' असं म्हणून रॉड माळ्यावर जातो.

लुअरवर मासा लागतो. फक्त आपल्या तळ्यांत तो बास नाही. आपल्याकडे आहे तो जिताडा, ज्याला बाहेर एशियन सी-बास किंवा बारामुंडी म्हणतात. गोड्या पाण्यात मरळ आहे. दोघांची शिकारीची रीत वेगळी, आणि आपली तळीही वेगळी. मी सुरुवातीची दोन वर्षं चुकीचे लुअर घेण्यात घालवली. तुमची ती जाऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे. मुख्य मुद्दा एवढाच, की लुअर दुकानात ठरवू नका, तळ्याच्या काठावर ठरवा.

१. आधी मालकाला विचारा

हे सभ्यपणासाठी सांगतोय असं समजू नका, यामागे माशाचंच कारण आहे. जिताडा अंडी घालतो ती खाडीच्या मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात. बंद तळ्यात तो वाढतो, पण त्याची वीण होत नाही. म्हणजे तुमच्या समोरच्या तळ्यातला प्रत्येक जिताडा कोणीतरी पिल्लू आणून सोडलेला आहे, नाहीतर भरतीबरोबर आत आलेला आहे. अलिबाग-पेणच्या खारेपाटात, शहापूर-धेरंडच्या बाजूला, घराशेजारच्या तळ्यात जिताडा पाळायची जुनी रीत आहे. पावसाळ्यात खाडीतून पिल्लं आणायची, बारीक मासळी घालून वाढवायची आणि सणाला, पाहुण्याला, नाहीतर गिऱ्हाईक आलं की काढायची. तो मासा म्हणजे त्या घरची ठेव आहे.

म्हणून तळ्यावर जाण्याआधी घरी जा. 'काका, गळ टाकू का? मासा लागला तर तुम्हाला दाखवून सोडतो, नाहीतर वजन करून पैसे देतो,' असं स्पष्ट बोला. गावतळं असेल तर ग्रामपंचायतीत विचारा. अशी तळी बऱ्याचदा कोणाला तरी ठेक्याने दिलेली असतात, आणि ठेकेदाराला न विचारता टाकलेला गळ म्हणजे सरळ भांडण. परवानगी मिळाली की त्याच माणसाला तीन गोष्टी विचारा: तळ्यात कोणते मासे आहेत, पाणी किती खोल आहे आणि तळाला काय आहे. पुढची सगळी निवड या तीन उत्तरांवर ठरते.

२. तळ्याची जात ओळखा

कोकणात साधारण चार जातींची तळी भेटतात.

घराशेजारचं मातीचं तळं. तळाला चिखल, कडेला गवत, कुठेतरी पाण्यात पडलेली माडाची झावळी. पाणी बहुतेक वेळा गढूळ. जिताडा त्या झावळीच्या सावलीत बसलेला असतो, कारण तो दबा धरून शिकार करणारा मासा आहे, तळंभर हिंडत बसत नाही.

खाजणातलं, उघाडी असलेलं तळं. बांधाला दार असतं आणि भरतीचं पाणी त्यातून आत येतं. नवख्याने शिकायला याच्यासारखी दुसरी जागा नाही. पाणी आत येऊ लागलं की त्याच्याबरोबर कोळंबी आणि बोय येते, आणि जिताडा, तांब (तांबोशी) प्रवाहाकडे तोंड करून उघाडीच्या आतल्या बाजूला येऊन थांबतात. मात्र उघाडीच्या दगडांना कालवं चिकटलेली असतात. त्यांची धार लाईनला नुसती लागली तरी लाईन तुटते.

चिरेखाणीतलं पाणी. जांभा काढून झाल्यावर राहिलेला खड्डा पावसाने भरतो. कडा उभ्या, काठापासूनच खोल, आणि पावसाळा सरला की पाणी नितळ होतं. कोणी मरळ सोडला असेल तर तो कपारीत राहतो. इथे पाय जपून ठेवा. काठ निसरडा असतो आणि आत पडलात तर वर यायला पायरी नसते.

प्लास्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं. याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. कोकणच्या जांभ्या जमिनीत पाणी मुरतं, म्हणून बागायतदार तळ्याला जाड प्लास्टिक लावतात. रत्नागिरीकडे ओळखीच्या एकांच्या आंब्याच्या बागेत असंच तळं होतं आणि त्यात त्यांनी जिताडा सोडला होता. मी दोन तिहेरी गळांचा, बुडणारा लुअर टाकला आणि तळाशी जाऊ दिला. ओढताना अडकला. मला वाटलं मासा, म्हणून जोरात झटका दिला. लुअर सुटून आला तेव्हा एका गळावर नखाएवढा काळा तुकडा होता. प्लास्टिकचा. मी तो काकांना नेऊन दाखवला. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मे महिन्यात कलमांना काय घालू मी?" पुढच्या उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर आम्ही दोघांनी मिळून ते ठिगळ लावलं.

म्हणून अस्तराच्या तळ्यात उघडा गळ तळाशी जाऊ द्यायचा नाही, हा नियम पक्का करा. तिथे फक्त तरंगणारे लुअर वापरा, किंवा ज्यांचा गळ रबरात लपलेला असतो असे.

३. मासा काय खातो ते बघा

लुअर बांधण्याआधी दहा मिनिटं काठापासून दोन पावलं मागे उकिडवं बसा. पाण्यावर बारीक मासळी उडते आहे का? किती लांबीची? बेडूक आहेत का? कडेला कोळंबीच्या मिशा दिसतात का? तुमचा लुअर त्या खाद्याच्या आकाराचा हवा. तळ्यात बोटभर चिलापी असेल तर वीतभर लुअरला अर्थ नाही.

नवख्यांचा एक सापळा इथेच आहे. बऱ्याच शेततळ्यांत रोहू, कटला, मृगळ सोडलेले असतात. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहूचा भर वनस्पती आणि शेवाळावर, मृगळ तळातलं कुजकं वेचतो. हे लुअरमागे धावणारे मासे नव्हेत. मालक 'मासे भरपूर आहेत' म्हणाले तरी ते हे तिघेच असतील, तर लुअरची पेटी उघडूच नका. तिथे कणकेची गोळीच बरी.

४. पाच लुअर पुरे

दुकानात भिंतभर लुअर लटकलेले असतात. सुरुवातीला पाच प्रकार घ्या, प्रत्येकी एक किंवा दोन.

पहिला, रबरी शॅड. शेपटीला चपटं पान असलेला मऊ रबरी मासा, ३ ते ४ इंचांचा. एकच लुअर घ्यायचा झाला तर हाच घ्या. नुसता हळू ओढला तरी शेपटी हलते, म्हणून नवख्याच्या हातातही तो काम करतो. मातीच्या तळ्यात ५ ते ७ ग्रॅमच्या जिगहेडवर, म्हणजे डोक्याला वजन असलेल्या गळावर, लावा. त्याहून जड घेतलात तर तो चिखलात रुततो. अस्तराच्या तळ्यात किंवा झावळ्या असतील तिथे जिगहेड नको, ३/० किंवा ४/० नंबरचा ऑफसेट (दांड्याला बाक असलेला) गळ घ्या आणि टोक रबराच्या पाठीत किंचित खुपसून ठेवा. मासा चावला की रबर दबतं आणि टोक बाहेर येतं. रबर गळावर अगदी सरळ बसलं पाहिजे. जरा वाकडं बसलं तर लुअर पाण्यात गरगर फिरतो आणि मासा त्याच्याकडे बघतही नाही. प्रत्येक वेळी काठाजवळच्या पाण्यात हातभर ओढून चाल बघा, मगच फेका.

दुसरा, पोकळ रबरी बेडूक. हा मरळासाठी. दोन्ही गळ पाठीला चिकटून वरच्या दिशेने असतात, त्यामुळे शेवाळ, कमळाची पानं, पाणगवत, सगळ्यावरून तो सरकत जातो. पावसाळ्यात गवत भरलेल्या तळ्यात दुसरं काही चालतच नाही. मरळ हवा घ्यायला वर येणारा मासा आहे. तो वर आला की पाण्यावर एक बुडबुडा आणि गोल लाट दिसते. बेडूक त्या जागेच्या दोन हात पुढे टाका, डोक्यावर नको. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे पाणी फुटल्याबरोबर झटका द्यायचा नाही. मनात 'एक, दोन' म्हणा, लाईन ताणली गेली की मग द्या. आधी दिलात तर बेडूक तोंडातून निसटून तुमच्याकडे उडत येतो. डोळ्यांवर चष्मा हवा तो त्यासाठीही.

तिसरा, उथळ पळणारा मिनो. ७ ते ९ सेंटिमीटर, तरंगणारा किंवा पाण्यात अधांतरी थांबणारा, अर्धा ते एक मीटर खोल जाणारा. पुढची पट्टी जितकी लांब आणि सरळ, तितका तो खोल जातो. आपल्या तळ्यांना आखूड पट्टीचाच घ्या. जिताडा घेतो तो लुअर थांबलेला असताना. दोन हलके झटके, मग थांबा. अगदी दोन-तीन सेकंद थांबा. हात शिवशिवतात, पण थांबा.

चौथा, पॉपर. तोंडाला खळगा असलेला, पाण्यावर 'पचक' असा आवाज करणारा. संध्याकाळी वारा पडलेला असताना, नितळ किंवा मध्यम गढूळ पाण्यात. जिताडा वरचं भक्ष्य तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो, आणि त्याचा आवाज विहिरीत नारळ पडावा तसा येतो. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी रॉड धरायचाच विसरलो होतो.

पाचवा, स्पिनरबेट. वाकड्या तारेवर फिरणारं चकचकीत पातं. जुलै-ऑगस्टच्या लाल गढूळ पाण्यात मासा डोळ्यांपेक्षा अंगाला जाणवणाऱ्या थरथरीवर भक्ष्य शोधतो, आणि पातं ती थरथर देतं. तारेमुळे गवतातही कमी अडकतो.

काय घेऊ नका तेही सांगतो. रबरी गांडुळाचं तिकडे फार कौतुक आहे, पण आपला जिताडा बोय आणि कोळंबीवर पोसलेला, त्याला शॅड जवळचा वाटतो. बुडणारे, पट्टी नसलेले व्हायब्रेशन लुअर खाडीत उत्तम, लहान तळ्यात तळाला अडकून जातात. आणि स्वस्त वीस लुअरांचा डबा तर मुळीच नको. त्यातल्या बऱ्याच लुअरांची चालच बिघडलेली असते.

५. रंगावर फार वेळ घालवू नका

आकार, खोली आणि वेग बरोबर असेल तर रंग दुय्यम. नितळ पाण्यात चंदेरी, बोयसारखा. गढूळ पाण्यात सोनेरी किंवा झगझगीत पोपटी. तिन्हीसांजेनंतर काळा, कारण खालून बघणाऱ्या माशाला आकाशाच्या उजेडावर काळी आकृतीच स्पष्ट दिसते. एवढ्या रंगांत माझं सगळं भागतं.

६. लुअरचा गळ तपासा

नवा लुअर तसाच बांधू नका. स्वस्त लुअरचे गळ जिताड्याच्या पहिल्याच धडकेत सरळ होतात. पक्कडीने हलकं वाकवून बघा, सहज वाकला तर गळ आणि कडी दोन्ही बदला. मी तिहेरी गळ काढून त्या जागी मजबूत एकेरी गळ लावतो. मासा सोडायला सोपा, अडकतोही कमी. मात्र गळ बदलला की लुअरचं वजन बदलतं, अधांतरी थांबणारा लुअर एकदम तरंगू किंवा बुडू लागतो, म्हणून बदलल्यावर बादलीभर पाण्यात सोडून बघा. गळाच्या टोकाजवळचा काटा पक्कडीने दाबून टाका. लाईन ताणलेली ठेवलीत तर मासा सुटत नाही, आणि गळ बोटात घुसला तर दवाखान्यात न जाता निघतो.

७. सोबत काय लागतं

साडेसहा ते सात फुटांचा, ७ ते २८ ग्रॅम लुअर फेकणारा स्पिनिंग रॉड. ३००० आकाराचं रील. २० ते ३० पौंडांची ब्रेड (विणलेली) लाईन. पुढे दोन-तीन फूट ४० पौंडांचा फ्लोरोकार्बन लीडर, म्हणजे लाईन आणि लुअर यांच्यामधला जाड, घासायला टिकणारा तुकडा. लीडर टाळू नका. जिताड्याला मोठे दात नसतात, पण तोंड आतून कानशीसारखं खरखरीत असतं आणि कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी. ब्रेड त्यावर घासली की गेली. ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ उत्तम, ती जमेपर्यंत डबल युनी चालेल. लुअरला फासाची सैल गाठ मारा, म्हणजे तो मोकळा हलतो.

पिशवीत लांब तोंडाची पक्कड, कात्री, टॉवेल, टोपी, पाण्याची चकाकी मारणारा पोलराइज्ड चष्मा, आणि पायात गमबूट. गमबूट दोन कारणांसाठी. जांभ्याच्या बांधावर दगडाखाली फुरसं असू शकतं, आणि पावसाळ्यात कोकणात लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती असते. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरूच नका.

८. वेळ

सगळे सांगतात, पहाटे जा. खाडीवर ते खरं आहे. लहान तळ्यावर मी पहाट टाळतो. रात्रभर शेवाळ आणि मासे दोघेही पाण्यातला प्राणवायू वापरत असतात आणि उजेड नसल्याने नवा तयार होत नाही, त्यामुळे सूर्योदयाच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. मासा तेव्हा सुस्त असतो. ऊन पडून तासभर झाला की पाणी सावरतं. त्याहून चांगली वेळ म्हणजे दुपारी चारपासून काळोख पडेपर्यंत. मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसले तर गळ टाकू नका, मालकाला फोन करा. ते भुकेचं लक्षण नव्हे, जीव गुदमरल्याचं आहे. सलग ढगाळ दिवसांनंतर असं होतं, आणि वेळेवर ताजं पाणी सोडलं तर मासे वाचतात.

उघाडीच्या तळ्यावर घड्याळ नको, भरतीचं कोष्टक बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात आत येतं, तेव्हा जा. अष्टमीच्या आसपास भांगाचं, म्हणजे कमी भरती-ओहोटीचं, पाणी फारसं हलत नाही. जोराचा पाऊस झाल्यावर गोडं पाणी वर तरंगतं आणि खारं खाली राहतं, मासाही खाली जातो. अशा दिवशी पॉपर ठेवून द्या, शॅड खालून ओढा.

जिताडा ऊबदार पाण्यातला मासा आहे. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात ओढण्याचा वेग निम्मा करा.

९. फेकायचं कसं

लहान तळ्यात पहिली फेक मध्यभागी टाकणं ही हमखास होणारी चूक. मासा काठाला असतो. पहिली फेक काठाला समांतर, दुसरी थोडी आत, पंख्यासारखं उघडत जा. तुमची सावली पाण्यावर पडू देऊ नका, बांधावर पाय आपटू नका. जमिनीतून जाणारी धमक माशाला कळते. एका लुअरने वीस-पंचवीस फेकी झाल्या आणि काही नाही, तर आधी खोली बदला, मग वेग, सगळ्यात शेवटी रंग. आणि एका तळ्यावर रोज जाऊ नका. तेच मासे तोच लुअर ओळखू लागतात. मी दोन आठवडे तरी मध्ये सोडतो.

१०. मासा लागल्यावर

जिताडा उडी मारतो आणि डोकं झटकतो. उडी दिसली की रॉडचं टोक खाली न्या. काठाला आणल्यावर कल्ल्यात बोट घालू नका, तिथेच हात कापतो. हात ओला करा, खालचा जबडा धरा, दुसरा हात पोटाखाली. सोडायचा असेल तर पाण्यात पोट खाली ठेवून सरळ धरून ठेवा, स्वतःहून शेपटी मारून निघेपर्यंत.

पावसाळ्यात मरळाच्या आसपास पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा दिसला तर तिथे बेडूक टाकू नका. आई-बाप खालीच राखण करत असतात आणि रागाने हमखास चावतात, म्हणूनच ते धरायला सोपे. ते गेले की बाकीचे मासे ती पिल्लं काही वेळात संपवतात.

घरी आल्यावर लुअर, गळ आणि रील गोड्या पाण्याने धुवा. खारेपाटाचं पाणी चवीला खारट लागलं नाही तरी एका रात्रीत गळ गंजवतं. पूर्ण वाळल्यावरच डब्यात ठेवा. रबरी लुअर त्यांच्या मूळ पिशवीतच राहू द्या. कडक प्लास्टिकच्या लुअरांबरोबर एका खणात टाकलेत तर ते एकमेकांना चिकटून विरघळतात, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत विसरलात तर शेपट्या कायमच्या वाकड्या होतात.